यशया वाचणारा खाटीक

यशया संदेष्टा आपल्या घरचाच माणूस, असं आमच्या बिसादाभावोजींना वाटायचं. माझ्या सासऱ्यांनी मरताना दुकान, सुऱ्या आणि तो संदेष्टा, तिन्ही थोरल्या मुलाच्या हवाली केलं. धाकट्या कुल्ताच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वाट्याला थोरल्या भावाचं बोलणं आलं. ते मात्र भरपूर आलं.

आमच्या चर्चमध्ये दुःखसप्ताहात जुन्या संदेष्ट्यांची वचनं वाचतात, आणि कोणी काय वाचायचं हे घराण्यांनी वाटून घेतलेलं. आमोस सुतारांचा, यिर्मया वरच्या आळीतल्या रंगाऱ्यांचा. शुक्रवारी भर दुपारी, काळे पडदे सोडलेल्या चर्चमध्ये यशयाचा जो उतारा येतो, तो खाटकांचा. कापायला नेलेल्या कोकरासारखा जो गप्प राहिला, दुसऱ्यांची पापं ज्याने आपल्या पाठीवर घेतली, त्या दुःखी माणसाबद्दलचा. आता खाटकाने कोकराचं दुःख वाचायचं, हे एक झालं. आणि गप्प राहण्याबद्दल कोणी वाचायचं? ज्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं त्याने. हे माझी जाऊ सांगायची, देव तिला शांती देवो. बिचारीला ती शांती मेल्यावरच मिळाली.

घडून गेलेल्या गोष्टीचं भाकीत शोधून काढण्यात भावोजींचा हात धरणारा आमच्या अख्ख्या सईद मुलखात कोणी नव्हता. टोळ आले की योएल. नदीत होडी उलटली की योना. शेजारच्या हाज रशीदच्या सुनेला जुळं झालं, तर हे दारात उभे राहून एसाव आणि याकोबाची गोष्ट सांगायला लागले. हाज रशीद म्हणाला, "बिसादा, हेच काल सांगितलं असतंस तर पाळणे तरी दोन आणले असते."

आणि चुका काढण्याची हौस! दुसरा कोणी वाचायला उभा राहिला, की हे आपल्या जागेवरून मोठ्याने दुरुस्ती करायचे. सुतारांचा म्हातारा तर आमोस वाचताना अर्धं लक्ष कागदावर आणि अर्धं भावोजींच्या तोंडावर ठेवायचा.

एकदा मी वाटाणे सोलत बसले होते आणि भावोजी नेहमीसारखे सुरू झाले होते. "सातशे वर्षं आधी, गलीला! ख्रिस्त जन्मायच्या सातशे वर्षं आधी यशयाने सगळं सांगून ठेवलं होतं. मारतील, थुंकतील, तो तोंड उघडणार नाही, आणि त्याच्या जखमांनी आपण बरे होऊ."

"बरं, पण आधी कशाला सांगून ठेवलं?"

"कशाला म्हणजे? नंतर कोणी नाही म्हणू नये म्हणून."

"एवढ्यासाठी? लोकांची तोंडं बंद करायला देवाने एवढे संदेष्टे झिजवले?"

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळत. आणि ते सगळं त्या एकाबद्दलच आहे, हे नक्की ना?"

"मग आणखी कोणाबद्दल असणार? तुझ्या नवऱ्याबद्दल?" असं म्हणून ते स्वतःच हसले. आमचे हे कोपऱ्यात सुरीला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आता मेंढीची गोष्ट. खरं काय घडलं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. उगाच ताटकळत ठेवायला मी काही भावोजी नाही.

ईस्टरच्या मोठ्या उपासाला लागायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं. पुढे कितीतरी आठवडे मांस, दूध, अंडं काही नाही, म्हणून त्या दिवशी गरिबातला गरीबही हाडूक चोखतो. खाटकाचा तो सणच. भावोजी पहाटेच आणखी जनावरं आणायला बाजाराला गेले होते. दुकानात कुल्ता एकटा. मागच्या गोठ्यात जाऊन बघतो तर मोठी मेंढी मरून पडलेली. रात्री तिने काहीतरी भलतंच खाल्लं असणार, कारण कुल्ता गोठ्याचं दार लावायला विसरला होता.

मेलेलं जनावर विकायचं नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण भाऊ परत आल्यावर आधी यिर्मया ऐकवणार, मग यहेज्केल, आणि मग वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर उद्धार करणार, हेही त्याला ठाऊक होतं. पापाची भीती वाटलीच असेल त्याला, नाही असं नाही. पण भावाच्या जिभेची जास्त वाटली. त्याने मेंढी सोलली आणि आकड्याला लटकवली. भावोजी येईपर्यंत निम्मी खपलीसुद्धा.

उपासाचा पहिला दिवस गावाने इतका कडक पाळला, की पाणीसुद्धा कोणाच्या पोटात ठरलं नाही. आळीतली म्हातारी तफीदामावशी तर जाता जाता राहिली. तिला आजाऱ्याचं पवित्र तेल लावायला अबूनांना, म्हणजे आमच्या पाद्र्यांना, दोनदा बोलावलं. संध्याकाळी तिचे मुलगे आणि त्यांच्यामागे अर्धं गाव काठ्या घेऊन दुकानासमोर आलं.

"कोणी कापली ती मेंढी?"

मी वरच्या खिडकीत होते. कुल्ता दाराच्या आड उभा होता, पांढराफटक. भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. जनावर पारखणारा माणूस तो, भावाचा चेहरा पारखायला किती वेळ लागणार? मग ते पुढे गेले.

"दुकान माझं, सुरी माझी. दुसऱ्या कोणाला काय विचारता?"

बस्स, इतकंच. मी वाट पाहत होते, आता आमोस काढतील, आता होशेय. काही नाही. तफीदामावशीच्या थोरल्याने कानाखाली वाजवली, डोक्यावरचं पागोटं चिखलात गेलं. त्यांनी ते उचललं, झटकलं आणि आत निघून आले. मला वाटलं, चोरी पकडली गेली की मोठेमोठे वक्तेही मूग गिळतात. पुढचे कित्येक दिवस आळीत असा शुकशुकाट होता, की हाज रशीदने मला हळूच विचारलं, "आजारी आहे का तो?"

खरी शिक्षा पुढेच होती. अबूना विस्सांनी त्यांना बोलावलं. कोणीतरी सोबत हवं म्हणून मी गेले. अबूना चांगला माणूस, पण गावाला घाबरून असायचा.

"बिसादा, यंदा शुक्रवारचा यशया औषधवाला लबीब वाचेल. लोक म्हणतात, तू वाचलंस तर आम्ही चर्च सोडून बाहेर उभे राहू."

भावोजींचा चेहरा पडला, तसा मी जावेच्या मयतालासुद्धा पाहिला नव्हता.

"अबूना, दुकान बंद करा. मला मागे चपलांपाशी बसवा. पण शुक्रवार नका काढून घेऊ. माझ्या बापाचा आहे तो."

"मग तुझी काही बाजू असेल तर सांग. मेंढी मेलेली आहे हे तुला माहीत नव्हतं, एवढं म्हण. मी सगळ्यांसमोर सांगतो."

मी त्यांना कोपराने ढोसलं. एक वाक्य बोलायचं होतं. आयुष्यभर या माणसाने नको तिथे हजार वाक्यं बोलून दाखवली होती, आणि आता एक निघत नव्हतं. त्यांनी अबूनांच्या हातातल्या क्रुसाचं चुंबन घेतलं आणि उठले. वाटेत मी चिडून म्हणाले, "तुमचे सगळे संदेष्टे आज कुठे पेंड खायला गेले?" ते पुढे चालत राहिले.

घरी आमचे हे दिवसेंदिवस वाळत चालले होते. मी म्हणायचे, उपास मानवत नाही. त्यांच्यापुढे मसुराची आमटी ठेवायची आणि तशीच उचलायची.

शुक्रवार आला. पहाटेपासून आम्ही उभे. काळे पडदे, धुपाचा धूर, उपाशी पोटं. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, आणि भावोजी खरोखरच सगळ्यात मागे, चपलांपाशी. दुपार झाली, दिवे मालवले, आणि औषधवाला लबीब यशया वाचायला उभा राहिला. लबीब शिकलेला आहे, पण वाचतो नाकातून आणि खोकल्याच्या बाटलीवरची सूचना वाचल्यासारखा. वर शब्द चुकतो. लोक एकेका चुकीला मागे वळून बघत होते, आता बिसादा ओरडेल म्हणून.

त्या दुःखी माणसाने पुष्कळांचं पाप आपल्यावर घेतलं, त्याला अपराध्यांत मोजलं, अशा अर्थाच्या ओळीपाशी लबीब पोचला. ती ओळ मी दरवर्षी ऐकत आले होते. डोळे पुसायचे आणि संध्याकाळच्या मोड आलेल्या बाकल्याच्या उसळीचा विचार करायचा, असा माझा क्रम. त्या दिवशी पुरुषांच्या बाजूला काहीतरी पडल्याचा आवाज झाला. माझा नवरा गुडघ्यांवर होता.

"मेंढी मी लटकवली," कुल्ता म्हणाला. "ती मेलेली होती. दादा बाजाराला गेला होता, त्याला काही माहीत नव्हतं. मी लटकवली."

लबीबचं बोट कागदावर तसंच राहिलं. तफीदामावशीचा थोरला माझ्या नवऱ्याकडे बघायचा, मग मागे चपलांकडे बघायचा. नवऱ्याची लाज वाटत होती, भावोजींचा राग येत होता आणि छाती इतकी भरून आली होती, की मी शेजारणीचा हात धरला. नंतर ती म्हणाली, चांगलाच पिरगाळलास.

मागून भावोजींचा आवाज आला. कित्येक आठवड्यांनी तो चर्चमध्ये ऐकू आला. "ऊठ, कुल्त्या. लबीबचं वाचन चाललंय."

अबूना विस्सा वेदीपुढून खाली आले. "बिसादा, पुढे ये. हा उतारा तुझा आहे. तूच वाच."

सगळ्यांनी वाट करून दिली. भावोजी उठले, पण पुढे गेले नाहीत. भावाजवळ आले, काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि त्याच्याशेजारी उभे राहिले.

"नको अबूना. इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांना ऐकवत आलो. आज आम्हा दोघांना ऐकायचंय."

लबीबने घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तसाच नाकातून, तसाच चुकत. भावोजींनी त्याची एकही चूक काढली नाही.