ब्रेक सरी आहेत

तुम्हाला म्हणून सांगतो – घरात हे कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, अक्काला तर नाहीच नाही. इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी एकटा असतानासुद्धा कधी तोंडानं उच्चारलेली नाही. मग आजच का? सकाळी गाडी दारात उभी होती, टपावर रात्रभरात गुलाबी फुलं पडली होती, आणि अक्का शेजारच्या सीटवर बसून माझी वाट बघत होती – दोन्ही हात मांडीवर, शाळेत पहिल्या दिवशी मुलं बसतात तशी. मला वाटलं, आता सांगून टाकावं. तिला नाही सांगितलं. तुम्हाला सांगतोय.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं घराणं बेंगळुरूतलंच, किती पिढ्यांपासून ते कुणी मोजलेलं नाही. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याचे पाहुणे तोंडाला पदर लावून हसतात. ‘ठीक आहे’च्या जागी आम्ही ‘सरी’ म्हणतो, ‘थोडंसं’च्या जागी ‘स्वल्प’. स्वल्प हा फार सोयीचा शब्द. कुणाला न दुखवता तक्रार करायची तर आधी स्वल्प लावायचं. सारात मीठ अजिबात नसलं तरी ‘मीठ स्वल्प कमी झालंय’. आणि समोरच्यानं ‘सरी’ म्हटलं की विषय मिटला. हे दोनच शब्द लक्षात असू द्या, बाकी मी सांगतो.

भावोजी गेल्यावर अक्का आमच्याकडे राहायला आली, आणि गाडी शिकली. पन्नाशी उलटून गेली होती. सगळे हसले. तिचा मुलगा गिरीश व्हाइटफील्डला नोकरी करतो, तो म्हणाला, ‘‘अम्मा, कॅब कशाला असतात मग?’’ मी मात्र तिच्या बाजूनं होतो – एवढं तरी माझ्या नावावर आहे. तिनं छोटी निळी गाडी घेतली. रविवारी पहाटे आम्ही दोघं शहराबाहेर, देवनहळ्ळीच्या पुढे जायचो, कुठे जायचं हे न ठरवता. द्राक्षांच्या मळ्यांवर धुकं बसलेलं असायचं. अक्का खिडकी उघडी ठेवायची, एक हात स्टिअरिंगवर, आणि म्हणायची, ‘‘या वेळेला रस्ता किती मऊ असतो बघ.’’ मी शेजारी अर्धवट झोपेत. जागा आहे की स्वप्नात, हे मला कळायचं नाही, आणि कळून घ्यायचीही इच्छा नसायची. त्या रविवारांइतका सुखी मी नंतर कधी झालो नाही.

मग गाडीचे पुढचे ब्रेक झिजले. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून धरणारे पॅड संपले होते, डिस्कवर चरे पडले होते. गॅरेज कोपऱ्यावर होतं – पण मी म्हटलं, गॅरेज कशाला, मी आहे की! आता माझं काय सांगू? मी बँकेत कागद पुढे सरकवणारा माणूस. पण हाताला खाज भारी. फोनवर व्हिडिओ बघायचे आणि घरातल्या वस्तू उघडायच्या. बायको म्हणाली, ‘‘नळ दुरुस्त केलात तेव्हा शेजारून पाणी आणलंय मी. ब्रेक तरी सोडा.’’ तिनं असं म्हटल्यावर तर मला करणं भागच होतं.

चिकपेटेच्या बाजारातून पाने आणले, नवे पॅड, नव्या डिस्का. पोर्चमध्ये गाडी जॅकवर चढवली. दुपार अशी शांत होती की मागच्या गल्लीतल्या कपबशांचा आवाज ऐकू येत होता. नवी डिस्क गंजू नये म्हणून तिला तेल लावलेलं असतं, ते आधी नीट धुवायचं असतं – हे मला माहीत होतं. मी जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि पुढे गेलो. नंतर मोकळ्या रस्त्यावर नेऊन हलके हलके ब्रेक मारायचे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावतात – हेही माहीत होतं. आमच्या भागात मोकळा रस्ता कुठून आणू? देवळाला वळसा घालून परत आलो. हात धुतले आणि कॉफी मागितली, गड जिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून गाडी किंचाळायला लागली. अक्का सिग्नलला थांबली की मोर ओरडल्यासारखा आवाज. ती कोपऱ्यावर यायची आणि आमच्या घरात कुकर खाली उतरायचा – अक्का आली! शेजारी चेष्टा करायचे. बायको काहीच बोलायची नाही, आणि ते जास्त लागायचं. अक्का तेवढी म्हणाली, ‘‘स्वल्प आवाज आहे, असू दे रे.’’

मला तो आवाज सहन होईना. तो माझा आवाज होता ना – माझी फजिती, दिवसातून कितीदा तरी, भर रस्त्यात. मी परत चाक काढलं. आवाज होऊ नये म्हणून पॅडच्या पाठीवर पातळसं खास ग्रीस लावतात, उष्णता सोसणारं, अगदी हलक्या हातानं. ते माझ्याकडे नव्हतं. फाटकाच्या बिजागरीला लावतो त्या ग्रीसचा डबा होता. मी तेच लावलं. भरपूर लावलं.

आवाज गेला. कसा गेला म्हणून सांगू – गाडी यायची आणि कळायचंच नाही. झाडाखालून सावली सरकावी तशी ती पोर्चमध्ये शिरायची. बायकोसुद्धा म्हणाली, ‘‘जमलं हो तुम्हाला.’’ त्या शांततेवर मी कित्येक दिवस तरंगत होतो.

आणि मला कळलं होतं. इथंच मी फिरून फिरून येतो आणि परत मागे जातो, तुमच्या लक्षात आलं असेल. एका सकाळी मी चाकाच्या फटीतून बघितलं – डिस्कवर ओला, चकचकीत पट्टा. तापल्यावर ग्रीस वितळून आत उतरलं होतं. बोट लावलं, तर बोट घसरलं. ब्रेक गप्प झाला होता, कारण तो धरतच नव्हता नीट. मी काय केलं? फडकं घेतलं, पुसलं, आणि पुढच्या रविवारी नीट करू म्हणून आत गेलो. पॅडनं जे पिऊन टाकलं होतं ते पुसून जाणार होतं का? नव्हतं. मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात अक्कानं विचारलं, ‘‘रघू, ब्रेक स्वल्प उशिरा धरतोय का रे?’’

स्वल्प! माझ्या मनाला लागू नये म्हणून लावलेला शब्द. मी तो तसाच उचलला. म्हटलं, नवे आहेत अक्का, बसायला वेळ लागतो. ती म्हणाली, सरी.

पुढचा रविवार आला. मी पाना हातात घेतला नाही, शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. धुकं दाट होतं. देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळ रस्ता थोडा उतरतो. तिथं एक म्हातारा चक्कोत्यांची हातगाडी ढकलत वळणावर आला. चक्कोते म्हणजे मोठाली पपनसं, त्या गावची खास. मला आजही ते सगळं अगदी सावकाश दिसतं. मी अक्काच्या पायाकडे बघत होतो – का कुणास ठाऊक, कदाचित मनात भीती होती म्हणून. तिचा पाय उठला. ब्रेकवर पडला. वेळेवर पडला. पूर्ण दाबला तिनं, गुडघा सरळ होईपर्यंत. गाडी आवाज न करता पुढे जात राहिली.

म्हाताऱ्यानं उडी मारली म्हणून वाचला. हातगाडी मोडली. रस्ताभर चक्कोते घरंगळत होते, धुक्यात शिरत होते, आणि आमची गाडी एका दगडाला टेकून उभी होती. म्हातारा कोपर चोळत उठला आणि उलट अक्कालाच म्हणाला, ‘‘परवागिल्ला अम्मा, परवागिल्ला.’’ काही हरकत नाही. ती खाली उतरून एकेक फळ गोळा करायला लागली. फळं मोडक्या हातगाडीवर राहत नव्हती, तरी ती ठेवत होती. मीही वेचत होतो. तिच्याकडे बघत नव्हतो.

संध्याकाळी गिरीश आला. पोरगा घाबरला होता, आणि घाबरला की तो चिडतो. सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘‘मामा, ब्रेक बरोबर होते ना?’’

अक्कानं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता – असता तर बरं झालं असतं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, ‘‘ब्रेक सरी आहेत. नवेच आहेत, मीच घातलेत.’’

‘‘मग माझाच पाय स्वल्प उशिरा पडला,’’ अक्का म्हणाली. गिरीश म्हणाला, मी सांगतच होतो. तिनं किल्ली पर्समधून काढली आणि माझ्या हातात दिली. मी घेतली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी ते पॅड फेकून नवे घातले, डिस्का धुतल्या, योग्य ते ग्रीस आणलं, जिथं लावायचं तिथंच आणि तेवढंच लावलं. होसकोटेच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊन ब्रेक सरावून आणले. सगळं नीट केलं. म्हणजे मला येत होतं. भीती कशाची होती मला? बायको हसेल याची. बस, एवढीच. तेवढ्यासाठी मी माझ्या बहिणीला तिच्या स्वतःच्या पायावर अविश्वास ठेवायला लावला. त्यानंतर ती जिना उतरतानासुद्धा कठडा धरायला लागली. तिनं पुन्हा गाडी चालवली नाही. देवनहळ्ळीच्या रविवारांबद्दल ती बोलत नाही, मीही नाही.

आता निळी गाडी मी चालवतो. अक्काला देवळात, दवाखान्यात, गिरीशकडे नेतो. ती शेजारी बसते, खिडकी बंद ठेवते. समोर सिग्नल लाल झाला की तिचा उजवा पाय उठतो आणि पायाखालच्या मॅटवर दाबला जातो. तिला ते कळतही नसावं. मला दिसतं. दर वेळी तिचा पाय माझ्या आधी पडतो.

आजही पडला. गाडी थांबली. तिनं हळूच पाय मागे घेतला, साडी सारखी केली आणि म्हणाली, ‘‘तुझा पाय बरा रे, वेळेवर पडतो.’’

मी म्हटलं, सरी.