बरं म्हणजे किती बरं

आमच्या घरात कौतुकाचा सगळ्यात मोठा शब्द 'बरं' हा होता. वडील मखमलाबादला भाजीपाला करायचे. मेथी कितीही हिरवीगार, कोवळी आलेली असो, लिलावात व्यापाऱ्याने विचारलं, "कशी हाय मेथी?" की ते म्हणायचे, "बरी हाय." तेवढ्यावर व्यापारी चढा भाव लावायचा. शेजारचा कुणी "लय भारी माल हाय" म्हणाला, तर तोच व्यापारी जुडी सोडून आतली पानं बघायचा. आपल्या तोंडाने आपलं चांगलं सांगू नये, दृष्ट लागते, हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. ते बघत बघतच मी मोठी झाले.

ही शिकवण घेऊन मी अंबडच्या एका कारखान्यात लागले. तिथे विजेची बटणं बनायची आणि मी तपासणीला होते. बटण दाबायचं, आवाज ऐकायचा, पास किंवा बाद. नव्वदचं दशक सरलं आणि आमच्या सुपरवायझर बाई निवृत्त झाल्या. त्यांचं सगळं काम माझ्याकडे आलं, पद मात्र आलं नाही. पदाचं अप्रेझलनंतर बघू, असं सांगितलं गेलं. अप्रेझल म्हणजे वर्षातून एकदा साहेबांच्या केबिनमध्ये बसून आपण कसं काम केलं ते सांगायचं. ज्याने वर्षभर आपलं काम बघितलंय त्यालाच आपण सांगायचं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही.

साहेब दिल्लीकडचे, नवीन आलेले, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, "काम कैसा चल रहा है?"

"ठीक है, सर."

"बस, ठीक?"

"हां सर, ठीक है." साहेबांना पटलंय असं वाटून मी मानही हलवली.

"कुछ खास किया इस साल?"

"खास कुछ नहीं, रोज का ही."

वर्षभरात माझ्या हातून पास झालेला माल एकदाही परत आला नव्हता. पण माल परत न येणं ही काय सांगायची गोष्ट झाली? त्यासाठीच तर पगार घेत होते.

मला 'अ‍ॅव्हरेज' मिळालं. पद त्या वर्षी रिकामंच ठेवलं आणि काम माझ्याच गळ्यात राहिलं. मी अशी काही चिडले होते की द्वारका चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा विनाकारण रिक्षावाल्याशी भांडले. घरी जाऊन कुणाशी न बोलता रडले.

पुढच्या वर्षी मी ठरवलं, आता लाजायचं नाही. आठवडाभर केस विंचरताना आरशासमोर म्हणून बघितलं, "मेरा काम बहुत अच्छा है, सर." दर वेळी मागे कुणी उभं तर नाही ना, हे वळून बघायची. केबिनमध्ये मात्र एका दमात म्हणून टाकलं. माल परत येत नाही, हेही सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "देखिए," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पिछले साल कॉन्फिडन्स कम था, इस साल थोडा ज्यादा हो गया. अच्छे लोगों को बोलना नहीं पड़ता."

हे वाक्य त्यांनी मला वर्षभर आधी सांगायचं होतं. त्याच दिवशी कारखाना सुटायच्या आधी नाव जाहीर झालं. पद दुसऱ्या लाइनवरच्या एका माणसाला मिळालं. तो केबिनमध्ये काय बोलला होता आणि किती बोलला होता, देव जाणे. त्याला काम शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं. साहेबांचा राग येतोच, पण त्याहून जास्त त्या सगळ्या रीतीचा येतो. न बोललं तरी चुकलं, बोललं तरी चुकलं, आणि मी पास केलेली बटणं कुणी एकदा दाबूनसुद्धा बघितली नाहीत.

घरी आले तेव्हा वडील ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. आज पदाचं ठरणार, हे त्यांना माहीत होतं. गेल्या वर्षीचं माझं रडणं आठवून असेल, त्यांनी जरा भीत भीतच विचारलं, "कसं झालं गं?"

मला त्यावर एक शब्दही बोलायचा नव्हता. विषय मिटवायला म्हणून मी म्हटलं, "झालं बरं."

वडिलांचा हात थांबला. त्यांनी जुडी खाली ठेवली, धोतराला हात पुसले आणि आत बघून आईला हाक मारली, "आगं, आयकलं का, पोरगी सुपरवायझर झाली."

आई साखरेचा डबा घेऊनच बाहेर आली. तसं नाहीये, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने त्यात साखर घातली.