एकाच तारेतून दोन्ही

निर्मळ गावात आमच्या कुंपणापलीकडे केळीची वाडी असलेले एक काका राहत. त्यांच्या घरी ब्रॉडबँड आलं, तेव्हा ते पार गोंधळून गेले होते. इंटरनेट चालू असताना फोनही चालतो, हे त्यांना पटेचना. मी कॉम्प्युटरवर काही दाखवायला लागलो की ते हळूच रिसीव्हर उचलून कानाला लावत आणि म्हणत, "आवाज येतोय रे! एकाच तारेतून दोन्ही कसं काय?" मी समजावलं की मान डोलवत, आणि पुन्हा रिसीव्हर उचलत.

हा सगळा खटाटोप सिंगापूरला दिलेल्या लेकीसाठी होता. फोनवर ती नेहमी "मी मजेत आहे" एवढंच सांगे. एका रविवारी मी कॅमेरा जोडून दिला आणि ती पडद्यावर आली. गाल बसले होते, डोळे खोल गेले होते.

"जेवतेस ना गो?" काकांनी विचारलं.

"हो बाबा. मी मजेत आहे."

काका माझ्याकडे वळले. "ही सांगते ते खरं, की दिसतंय ते खरं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कॅमेरा साधा आहे, काका. चेहरा नीट येत नाही," मी म्हणालो. माझा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "पोरी, रोज अशीच समोर बसत जा," ते म्हणाले. "बोलली नाहीस तरी चालेल."

ती काही बोलली नाही. पण समोरून उठलीही नाही.