भुते मारणारी भावंडे आणि मधली विहीर

मित्रहो, किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे एका पिशवीत दुसरी पिशवी कोंबली जाते, तिच्यात तिसरी, आणि एके दिवशी ते दार उघडेनासे होते. किश्श्यांचेही तसेच. आमच्या माणिकपूरच्या वाचनालयाचे दार सध्या असेच अडले आहे, म्हणून थोडे रिकामे करतो.

आमचे मंडळ लहान आहे. चांदीपचे तुकारामदादा भातशेती करतात. तरुणपणी त्यांनी मिठागरावर काम केले आहे. अर्नाळ्याच्या हिराबाई वाचनालयाच्या फाटकाशी मासळी विकतात आणि टोपली रिकामी झाली की पंख्याखाली बसायला आत येतात. अंतोन यांची केळीची वाडी आहे. चौथा मी. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. त्यापुढचे सर्व मी याच वाचनालयात, कपाटांच्या क्रमाने, पुरे केले. मंडळी मला नाना म्हणतात.

या चौघांना बांधून ठेवणारी गोष्ट मात्र ग्रंथ नव्हे, हे नमूद करणे भाग आहे. ती गोष्ट म्हणजे दूरचित्रवाणीवरील एक मालिका. एक भाऊ आणि एक बहीण वडिलांच्या जुन्या जीपमधून गावोगाव हिंडतात आणि भुते मारतात. त्यांच्या उपजीविकेचे साधन कोणते, हे दाखवलेले नाही. शुक्रवारी संध्याकाळी आठला नवा भाग लागतो आणि शनिवारी दुपारी तोच पुन्हा दाखवतात. शुक्रवारी घरी पाहिलेला भाग शनिवारी वाचनालयात सर्वांनी मिळून पुन्हा पाहायचा, अशी प्रथा पडली.

मी या प्रथेविरुद्ध रीतसर ठराव मांडला. बातम्यांसाठी देणगी मिळालेल्या संचावर भुते दाखवू नयेत, असा त्याचा आशय होता.

तुकारामदादा म्हणाले, “नाना, बातम्या बघून झोप लागत नाय. भुतं बघून लागते!”

ठरावाच्या बाजूने एक मत पडले.

*

अंतोन यांची अडचण इथेच सांगतो, कारण पुढे ती सारखी मध्ये येणार आहे.

त्यांची धाकटी बहीण मारी, निवृत्त शिक्षिका, त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहते. मध्ये एक भिंत. वाडीची वाटणी झाली तेव्हा विहीर नेमकी मध्यावर आली. पंप कोणाच्या बाजूला बसवायचा यावरून भांडण झाले. मग दोघांनी दोन पंप बसवले आणि बोलणे बंद केले. ते अनेक वर्षे बंदच होते.

आता अंतोन यांच्या मुलीचे, रीनाचे, लग्न ठरले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचे, पाणी काढायचे आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचे, ही त्यांच्याकडची रीत. अंतोन यांच्या घराण्यात पहिली घागर नवरीची आत्या भरते. ती भरल्याशिवाय बाकीच्या बायका विहिरीला हात लावत नाहीत.

मी विचारले, “आणि आत्या नसेल तर?”

“नसती तर प्रश्न नव्हता, नाना,” अंतोन म्हणाले. “हाय, हाच प्रश्न हाय.”

*

मालिकेतील भावंडांचे मुख्य शस्त्र मीठ. उंबरठ्यावर मिठाची रेघ ओढली की भूत आत येत नाही.

ती रेघ प्रथम पाहिली तेव्हा तुकारामदादा खुर्चीत ताठ झाले. “हे खोटं हाय.”

“दादा, सर्वच खोटे आहे,” मी म्हणालो.

“तसं नाय, नाना. आमच्या मिठागरावर खवीस व्हता. अख्खं मिठागर मिठाचं, नि तो त्याच्यावरूनच चालायचा. अनवानी!”

मंडळाने यावर गांभीर्याने विचार केला. अंतोन यांचे मत असे की, खविसाला तिथे राहून सवय झाली असावी. एक भूत मिठाला घाबरते आणि दुसरे घाबरत नाही, याचा उलगडा माझ्या वाचनातूनही होईना.

हिराबाई टोपलीवर फडके टाकत म्हणाल्या, “टीवीतल्या भुतांना बीपी असंल. डॉक्टरनं मीठ बंद केलं असंल!”

*

एका भागात समुद्रातून एक अक्राळविक्राळ प्राणी वर येतो. अंगावर खवले, मानेला कल्ले, हिरवट डोळे. पार्श्वसंगीत असे की, वृत्तपत्र वाचणाऱ्या परक्या गृहस्थांनीही वृत्तपत्र खाली घेतले.

हिराबाई पुढे वाकल्या. बराच वेळ निरखून म्हणाल्या, “शिळा हाय.”

“काय?”

“डोळे बघा, आत गेलेत. कल्ला पांढरा पडलाय. आमच्या किनाऱ्यावर हा कोनी सुकवायला पन घेनार नाय!”

झाले! त्या प्राण्याने तिघांना गिळले, पण आमच्यापैकी कोणाच्याही मनात भय उत्पन्न झाले नाही. शिळ्या मासळीला कोण भिणार?

पुढच्याच आठवड्यात खाडीतून दुसरा प्राणी निघाला. तुकारामदादांनी निर्धास्तपणे विचारले, “काय हिराबाय, हा कसा?”

“हा ताजा हाय,” हिराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाय खुर्चीवर घेतले.

*

चर्चमध्ये मिस्सा लॅटिन भाषेत होत असे, तेव्हा अंतोन लहान होते आणि वेदीवर फादरांच्या हाताखाली सेवा करीत. त्या भाषेचा अर्थ त्यांना तेव्हाही येत नव्हता. पण कोणते शब्द कोणत्या विधीचे, हे त्यांच्या कानात पक्के बसले आहे.

मालिकेतील भावाने एका हडळीला घालवण्यासाठी लॅटिन मंत्र म्हणायला सुरुवात केली. अंतोन यांनी एकदम हात वर केला.

“थांबा! हे भूत घालवायचं नाय. हे लग्नातलं हाय!”

“खात्री आहे?” मी विचारले.

“शेकडो लग्नांत उभा राहिलोय, नाना. हा मुलगा तिला घालवत नाय. तिच्याशी लग्न लावतोय!”

लॅटिन शब्दकोश आमच्या वाचनालयात आहे. माझ्याखेरीज त्याला कोणी हात लावलेला नाही. मी शब्द पडताळले. अंतोन बरोबर होते. तरी एक शंका उरली, ती मी मांडली. “पण मंत्र ऐकून ती हडळ किंचाळत पळाली, त्याचे काय?”

“मग काय करंल?” तुकारामदादा म्हणाले. “तिला इचारलं व्हतं का कोनी?”

*

भिंतीपलीकडे मारीबाईही दर शुक्रवारी हीच मालिका पाहतात. त्यांच्या संचावर चित्र क्षणभर आधी पोहोचते आणि अंतोन यांच्या संचावर क्षणभर उशिरा. त्यामुळे भूत अंतोन यांच्या पडद्यावर येण्यापूर्वी भिंतीपलीकडून मारीबाईंची किंकाळी येते.

“घाबरायला मला वेळच मिळत नाय,” अंतोन तक्रार करीत. “ती ओरडते, मी उशी पकडतो, मग भूत येतं. याला भूत म्हणायचं की पाहुणा?”

एका शुक्रवारी किंकाळी आली नाही. भूत आले, गेले, पुन्हा आले. भिंत शांत. शनिवारी सकाळी अंतोन माझ्या दारात उभे.

“नाना, जरा बघून या. मी पाठवलं असं सांगू नका.”

मी गेलो. मारीबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. “या नाना. त्यानं पाठवलं?”

असत्य बोलणे मला जमत नाही आणि सत्य बोलण्यास मनाई होती. मी म्हणालो, “आपली प्रकृती कशी आहे?”

“केबल गेली होती,” त्या म्हणाल्या. “भूत दिसत नसताना ओरडू कशी?”

मी परत येऊन वृत्तान्त सांगितला. अंतोन यांनी छातीवर क्रूस केला. मग विचारले, “चहा दिला?”

“दिला.”

“साखर?”

“कमी होती.”

“कंजूष!” अंतोन अत्यंत समाधानाने म्हणाले.

*

या मालिकेत एवढे आकर्षण ते काय, असा प्रश्न एका शनिवारी मीच उपस्थित केला आणि भयानक रसाचे थोडे विवेचनही केले. ते ऐकून घेण्यात आले.

तुकारामदादा म्हणाले, “भूत तासाभरात संपतं, नाना. नळाला पानी येत नाय म्हनून तक्रार करून बघा, मग कळंल तास म्हंजे काय!”

हिराबाईंचे म्हणणे वेगळे होते. “मला भुताचं काय नाय. ती दोघं काय भांडतात, बाबा! जेवताना भांडतात, भूत मागं लागलंय तरी भांडतात. पन सकाळ झाली का त्याच जीपमधी बसतात.”

अंतोन उठले. “वाडीला पाणी सोडायचं राहिलंय.”

वाडीला पाणी त्यांनी सकाळीच सोडले होते. तसे त्यांनीच आम्हाला सांगितले होते.

*

त्यानंतर तो भाग आला, ज्यात भावंडांचे कडाक्याचे भांडण होते. बहीण दार आपटून जीपमधून उतरते आणि भाऊ जीप पुढे नेतो.

अंतोन संतापले. “चूक भावाची! मोठा हाय ना तो? ब्रेक दाबायला पाय दुखत होता?”

पुढे मारीबाई मला बाजारात भेटल्या. त्याही संतापल्या होत्या. “चूक तिचीच, नाना. दार आपटायची काय गरज? आपटल्यावर कोण थांबणार?”

मी दोघांची मते एकमेकांना कळवली नाहीत. ती मालिकेविषयीची मते होती.

*

लग्नपत्रिका भिंतीपलीकडे कोणी न्यायची, हा प्रश्न अंतोन यांच्या पत्नी रोझी यांनी सोडवला. त्या स्वतः गेल्या. मारीबाईंनी पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “बरं.”

या उत्तरावर आमच्या मंडळात दोन शनिवार चर्चा चालली.

“बरं म्हंजे येनार,” तुकारामदादा म्हणाले.

“बरं म्हंजे वाचलं,” हिराबाई म्हणाल्या.

अशात वाहिनीने जाहीर केले की, मालिका संपणार. शेवटचा भाग शुक्रवारी संध्याकाळी आठला, दीड तासाचा. लग्न शनिवारचे. म्हणजे विहिरीवर पाणी काढायचे ते त्याच शुक्रवारी, त्याच वेळी; आणि शनिवारी दुपारी तो भाग पुन्हा लागेल, तेव्हा लग्न. बँड ठरलेला, फादर ठरलेले, आचारी ठरलेला.

“इतकी वर्षं ती माझ्यासाठी खुर्चीवरनं उठली नाय,” अंतोन म्हणाले. “आता भूत सोडून येईल?”

*

त्या शुक्रवारी मी इस्त्रीचे धोतर नेसून वेळेवर पोहोचलो. विहिरीभोवती दिव्यांची माळ, काठाला फुले, बायका लाल लुगड्यांत आणि दागिन्यांत. रीना मधोमध उभी. अंतोन सूट घालून, हातात रिकामी घागर घेऊन उभे. पलीकडे मारीबाईंचे दार बंद, आणि खिडकीवर दूरचित्रवाणीचा निळा उजेड हलत होता.

आठ वाजून गेले. बँडमास्तरांनी विचारले, “अंकल, वाजवायचं?”

“थांबा.”

थोड्या वेळाने पुन्हा, “अंकल, आमची उद्या सकाळची पण ऑर्डर आहे.”

“थांबा म्हणालो ना!”

रोझीबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, “माझी बहीण भरेल पहिली घागर. लोक ताटकळलेत.”

अंतोन यांनी नकारार्थी मान हलवली. घागर त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. रीना म्हणाली, “डॅडी, मी जाऊन बोलावू?” तिलाही त्यांनी थांबवले. “पत्रिका दिलीय. वाचता येतं तिला.”

खिडकीतून जीपचा आवाज येत होता, कोणीतरी ओरडत होते, काचा फुटत होत्या. मग एकाएकी तो सर्व कल्लोळ थांबला आणि साबणाच्या जाहिरातीचे गाणे सुरू झाले.

दार उघडले. मारीबाई बाहेर आल्या. अंगावर लाल लुगडे, गळ्यात सोन्याचा हार, केसांत फुले. म्हणजे शेवटचा भाग पाहायला त्या अशा नटून बसल्या होत्या! त्या झपाझप चालत विहिरीवर आल्या, रीनाच्या गालाला हात लावला आणि अंतोन यांच्या हातातून घागर घेतली.

पुढचा संवाद त्यांच्या घरच्या बोलीत झाला. मला जेवढा कळला तेवढा लिहितो.

“दोर कुठाय?” मारीबाई म्हणाल्या.

अंतोन यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. “पंप आल्यापासून दोर कोण ठेवतो?”

“पाणी काढायला बोलावतोस, नि दोर नाय?”

त्या तशाच परत गेल्या. त्या आत असताना जाहिराती संपल्या; संगीत पुन्हा चढले. आता त्या येणार नाहीत, असे मला वाटले. बायकांनीही एकमेकींकडे पाहिले. पण मारीबाई खांद्यावर दोराचे वेटोळे घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी दार आपल्यामागे ओढून घेतले.

रोझीबाईंना राहवेना. “मारीबाय, शेवट चाललाय.”

“चालू दे.”

त्यांनी घागरीच्या गळ्याला फास लावला आणि ती विहिरीत सोडली. दोर पुष्कळ खाली गेला. अंतोन काठावर ओणवून पाहत होते. घागर जड होती; अर्ध्यावर मारीबाईंचा श्वास वाढला, तेव्हा अंतोन यांनी न विचारता दोराला हात घातला. मारीबाईंनी तो काढायला सांगितला नाही. घागर वर आली. काठापर्यंत भरलेली, आणि पाणी काळेभोर.

मारीबाईंनी आत पाहिले. मग भावाकडे पाहिले.

“केवढा गाळ साठू दिलायस!”

अंतोन म्हणाले, “अर्धा तुझा हाय.”

बँडमास्तरांना वाटले, हाच इशारा. त्यांनी जोरात सुरुवात केली.