यमाला किळस यावी म्हणून

पाटलाच्या बायकोनं, अक्कानं, तान्हं पोरगं सुपात घालून आणलं आणि ते सूप आमच्या अंगणात, माझ्या आईसमोर ठेवलं. हातात दिलं नाही. खाली ठेवलं. मी सात-आठ वर्षांची, आईला चिकटून बसलेली. अक्काची आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली होती. आईनं हे पोरगं मांडीवर घेतलं.

"आते तुना पोर्‍या शे," अक्का म्हणाली. आता पोर आईचं झालं. मग लांबूनच आईच्या पदरात ओंजळभर कोंडा टाकला, म्हणजे पोर परत विकत घेतलं. नाव ठेवलं महारू. आईनं पोर परत सुपात ठेवताच अक्कानं त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं, सुपावर शिंपडलं आणि तोंड वाकडं करून चालती झाली.

इंग्रजांच्या राज्यात आमच्या पारोळ्याकडे ही रीतच होती. पोरं जगत नसली की पुढच्याला आमच्या जातीचं नाव द्यायचं. मी आईला विचारलं, आपलंच का? ती मान वर न करता म्हणाली, "आपलं नाव आयकीसन यमले बी किळस येस. मंग तो घरमा येस नही."

किती सहज सांगितलं तिनं. मला माझीच किळस आली. तरी त्या कोंड्याची भाकर मी खाल्ली, तेही सांगून टाकते. भूक होती.

पोरगं जगलं. सगळं गाव त्याला महारू भाऊ म्हणायचं, मान देऊन. माझ्या बापाला मात्र आईबापानं ठेवलेलं चांगलं नाव असून कुणी कधी त्या नावानं हाक मारली नाही. "ए महार." बस्स. त्यांच्या पोराला लावलं की ताईत, आमच्या अंगावर आलं की घाण.

आई गेली. माझं सासर गावातच होतं. पुढे महारू भाऊचीही दोन लेकरं गेली. तिसरं झालं तेव्हा म्हातारी अक्का सूप घेऊन माझ्या दारात. महारू भाऊ मागे लांब उभा, नाकाला उपरणं लावून. नाव महारू, आणि महारवाड्याचा वारा सोसवत नाही.

"ले वं, मांडीवर ले," अक्का म्हणाली.

पोर रडत होतं. माझी स्वतःची लेक तीन महिन्यांची होती, छातीत दूध होतं. हात आपसूक पुढे गेले. मी ते मागे घेतले.

"लिसू. पन पहिले मना हातनं पानी प्या. आम्हनं नाव चालस, मंग पानी का बरं चालत नही?"

अक्का माझ्या अंगणात थुंकली. म्हणाली, "पोर्‍या मरना ते तुना माथावर."

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण त्या थुंकीकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझी नाही, त्यांची किळस आली. सूप मी त्यांच्याकडे सरकवून दिलं.

आमचं बलुतं बंद झालं. नवरा चिडला. त्या पोराला दुसर्‍या गावच्या कुणीतरी मांडीवर घेतलं म्हणे. जगलं. बरं झालं, त्याच्यावर माझा राग नाही.

आम्ही अमळनेरला गिरणीत कामाला गेलो. तिथं लेकीला, ती बोलायला लागायच्या आधी, मी एक शिकवलं. कुणी जातीनं हाक मारली तर वळायचं नाही. मारलं तरी वळायचं नाही.