तीन वाजताचा ठसका

नंदुरबार गावाने आजवर जेवढे अश्रू ढाळले, त्यांतले निम्मे तरी मासीच्या नावावर मांडावे लागतील, आणि गंमत अशी की त्यांतला एकही दुःखाचा नव्हता. मासी मूळची काठियावाडची. नवऱ्याबरोबर सुरतेच्या गाडीने इकडे आली, दोन वर्षांत नवरा गेला, आणि परत जायचं सोडून मासीने आमच्या बोळाच्या तोंडाशी, स्टेशन रस्त्याला लागून, मिरचीचं दुकान थाटलं. बोळ आमचा म्हणायचा तो एवढ्यासाठी, की शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो तेव्हा मासीच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली होती. ती इतकी स्वस्त का, हे मला पहिल्याच दुपारी तीन वाजता कळलं.

तीनच्या ठोक्याला मासी दुकानासमोर चूल पेटवी, तिच्यावर न्हाणीएवढी कढई चढवी आणि चटणीसाठी लवंगी मिरची भाजायला घेई. पुढचा अर्धा तास बोळात कोणी माणसासारखं बोलत नसे. मधल्या दुकानातल्या मारवाडी शेठना कापड फाडताना शिंक आली, की गिऱ्हाइकाला वीतभर कापड फुकट मिळे, त्यामुळे चतुर बायका नेमक्या त्याच वेळी खरेदीला येत. मी एकदा डोळे पुसत खाली जाऊन म्हणालो, "मासी, अशाने आमचा जीव जाईल." तर कढईतलं उलथनं न थांबवता ती म्हणाली, "मास्तर, ठसका लागना म्हणजे माणूस जित्ता शे. मरेल माणूस कधी खोकलस का?" काठियावाडी बाईने इथली अहिराणी अशी काही उचलली होती, की तिच्याशी शुद्ध मराठीत वाद घालणं म्हणजे पहारीपुढे पट्टी घेऊन उभं राहणं.

दुसरी खोड याहून भारी. मासी कोणालाही नुसती मिरची देत नसे. आधी पोटाची चौकशी. जळजळ होते का, रात्री झोप लागते का, सकाळी साफ होतं का, आणि हे सगळं चारचौघांत, मोठ्या आवाजात. उत्तर मनासारखं आलं नाही तर लवंगी नाही, मुकाट्याने नुसत्या रंगापुरती, बिनतिखट मिरची घ्यायची. एका फौजदाराला तिने असंच परत पाठवलं होतं. त्यामुळे गावातल्या वैद्यालाही ठाऊक नसतील इतकी पोटं मासीला तोंडपाठ होती.

या बाईशी अकरा वर्षं न चुकता भांडणारा एकच पुरुष होता, समोरचे बोहरी काका. कुऱ्हाडी, पहारी, लोहारांचे भाते असा लोखंडी माल त्यांच्या दुकानात. माणूस मात्र अत्तराच्या फायासारखा नाजूक. रोज पावणेतीनला ते मलमलचं फडकं भिजवून दारावर टांगत आणि धूर सुरू झाला की त्यामागून ओरडत, "बेन, जरा तो दया करो." मासी उत्तर देई, "काका, दया मन्हा दुकानमा नही मिळस. मिरची पाहिजे तर सांगा." मग दोघांचं जुंपे, आणि धूर संपला की तेही संपे.

एका हिवाळ्यात मिरवणुकीवरून गावात बाचाबाची झाली आणि दुपारपर्यंत तिची दंगल झाली. दंगलीला धर्म आठवतो तो सकाळी. दुपारनंतर तिला फक्त दुकानं दिसतात. दोन पेठा लुटल्या, आता 'बाहेरनास्ना बोळ' जाळणार आहेत, अशी खबर आली. बाहेरचे म्हणजे आम्हीच. धुळ्याहून शिपाई यायला संध्याकाळ होणार होती. बोळाला दुसरं तोंड नव्हतं, आणि काकांची सून बाळंतीण होऊन माडीवर निजलेली. तिला उचलून पळणं शक्य नव्हतं. शेठ म्हणाले, आपण तरी सुरतेची गाडी पकडू. मासी म्हणाली, "तुम्ही जा. मन्ही मिरची वाळत पडेल शे." आणि तिने माडीच्या बंद खिडकीकडे एकदा पाहिलं. शेठ गाठोडं खाली ठेवून बसले.

मासीने कढई बोळाच्या तोंडाशी नेली, दोन टोपल्या लवंगी शेजारी ठेवल्या, आणि रस्त्यावर गर्दीचा आवाज यायच्या आधीच ती जाळ करून मिरची टाकायला निघाली. तेव्हा काका फडकं हातात घेऊन धावत आले. "बेन, थोभो. अत्यारे, आत्ता, वारा रस्त्यावरून आत येतो. चार वाजता फिरेल, मग बाहेर जाईल." मासीला दुसऱ्याचं खरं वाटणं हा प्रकारच नव्हता. तिने मूठभर मिरची तापल्या कढईत टाकली. पुढची पाच मिनिटं बोळाचे सगळे रक्षक भिंतीला धरून खोकत होते. अकरा वर्षं तो धूर खाल्लेल्या माणसाइतका या बोळाचा वारा कोणाला कळणार? मासीने पदराने डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "बरं काका. तुम्ही सांगशात तव्हय."

लोक आले ते चारला वीस मिनिटं कमी असताना. पन्नाससाठ तरी असतील. पुढच्या धिप्पाड गड्याच्या खांद्यावर पहार होती. मी शाळेतून आणलेला मुंबई इलाख्याचा नकाशा ढालीसारखा धरला होता. मासी कढईपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्या गड्याला तिने आपादमस्तक न्याहाळलं.

"काय रे भाऊ, मूळव्याध कशी शे?"

"मासी, तू बाजूले व्हय."

"व्हसू ना. पहिले सांग, आग व्हस का नही? मी तुले लवंगी दिधी नव्हती. कोठून आणी खाधी?"

मागून कोणी तरी फिसकन हसलं. मासीने लगेच त्याला हेरलं. "तू हसू नको. तुले चार दिन साफ व्हत नही." मग तिने ओळीने एकेकाचं पोट काढायला सुरुवात केली. काठ्या उगारलेली माणसं एकमेकांच्या आड लपू लागली. पण पहारवाला लाल झाला होता. त्याने तिला ढकलायला हात पुढे केला.

एवढ्यात काकांनी दारावर टांगलेलं फडकं बोळाच्या आतून रस्त्याच्या दिशेने झुललं. "बेन," ते शांतपणे म्हणाले, "फिर्यो."

मासीने दोन्ही टोपल्या कढईत उपड्या केल्या. काका आपल्या दुकानातला सगळ्यात मोठा भाता घेऊन बसले, शेठनी अख्खं ठाण पसरून वारा घातला, आणि मी सबंध मुंबई इलाखा जीव खाऊन हलवला. पुढचं दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. धूर विरला तेव्हा रस्त्यावर एक पहार आणि सतरा-अठरा जोडे पडले होते. पहार काकांनी पुसून भिंतीला टेकवली. ती त्यांच्याच दुकानची निघाली.

शिपाई चार दिवस राहिले आणि गेले. पाचव्या दिवशीही दुकानं अर्धीच उघडलेली, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तीन वाजले. मासीने चूल पेटवली, धूर नेहमीसारखा बोळात शिरला, आणि फडक्यामागून आवाज आला, "बेन, जरा तो दया करो." शेठनी ते ऐकलं आणि दुकानाच्या उरलेल्या फळ्या काढल्या.

पुढे मी मासीला विचारलं, वारा चारला फिरतो हे आता कळलंय, मग मिरची चारलाच का भाजत नाहीस? ती उलथनं चालवत म्हणाली, "मंग काका कोणसंगे भांडी?"

मासीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बोळात कोणी खोकत नाही. परवा दुपारी सहज तिकडून जात होतो. काका फार थकलेत. नातू दुकान बघतो. पावणेतीन झाले तसे ते भिंतीला धरून उठले, मलमलचं फडकं भिजवलं, नीट पिळलं आणि दारावर टांगलं.