बोरच्या पाण्यातले झिंगे

माझ्या धाकट्या भावाच्या मरणानंतर आईनं मासोळी सोडली, झिंगे म्हणजे कोळंबी सोडली, आणि मग हळूहळू घरच्या शेतातला भातही सोडला. पहिल्या दोन गोष्टी मला कळत होत्या. तिसरी कळली तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. घरात आमच्याच धानाची पोती रचून ठेवलेली, आणि ही बाई रेशनचा तांदूळ निवडत बसलेली! "काहून वो माय?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तो धान त्याच पाण्याचा होय."

ते पाणी म्हणजे आमच्या गावचा तलाव. दिघोरीच्या पलीकडं आमचं गाव आहे आणि सगळ्या गावाचा धान त्या एका तलावावर उभा आहे. पाणी सोडायची मोरी पाळीखाली, म्हणजे तलावाच्या बांधाखाली असते, तिला आमच्याकडं तुडूम म्हणतात. त्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली, धानाच्या बांध्या भेगाळायला लागल्या, आणि तुडूम गाळानं गच्च बसलं होतं. भाऊ ते मोकळं करायला पाण्यात उतरला. तुडूम उघडलं, पाणी सुटलं, तो मात्र वर आला नाही. गावच्या ढिवरांनी डोंगे घातले, जाळी टाकली. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

मी तेव्हा सुट्टीवर घरीच होते. एरवी मी तैवानला असते, तिथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम करते. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन दोनेक वर्षांतच गेलेले. त्यामुळं दवाखान्यात ओळख पटवायला मी आणि काका गेलो. काका दारातूनच मागं फिरले. मी आत गेले आणि पाहिलं. तलावात झिंगे असतात, खेकडे असतात, आणि तीन दिवस म्हणजे तीन दिवस. याच्यावर तेव्हा मी कोणाशी काही बोलले नाही.

घरी आणल्यावर आम्ही त्याला कापडातून सोडलंच नाही. आई ओरडत होती, "तोंड दाखवा मले, माह्या पोराचं तोंड दाखवा!" बायांनी तिला धरून ठेवलं. पाय तेवढे दाखवले. मी तिला मिठीत घेऊन सांगितलं, "माय, त्याले काही झालं नाही. झोपल्यावानी दिसते. पाण्यानं फुगला म्हणून पाहू नको." ती माझ्याकडं बघत राहिली. मग घाईघाईनं त्याला नेलं. नंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी आले, लोक जेवून गेले, आणि मी परत तैवानला निघून गेले.

काही दिवस गावात कोणीच त्या तलावाची मासोळी खाल्ली नाही. पण लोक तरी किती दिवस थांबतील? ढिवरांचं पोट त्याच्यावर. पुन्हा टोपल्या दारोदार फिरायला लागल्या. टोपलीवालीचा आवाज आला की आई दार लावून घ्यायची. वांग्यात झिंगे घालून करावे ते माझ्या आईनंच, अख्ख्या मोहल्ल्यात तिच्या हाताचा डंका होता. तीच बाई आता मीठ-मिरचीशी रेशनच्या भाताचे चार घास खाऊन उठायची. व्हिडिओ कॉलवर तिच्या गळ्याची हाडं दिसायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. रागही यायचा. एक पोरगं गेलं तर दुसरं जिवंत आहे की नाही?

तैवानमधल्या लोकांचा एक शौक आहे, झिंगे पकडायला जाण्याचा. नदीवर नाही, शेडमध्ये! टिनाच्या छपराखाली सिमेंटचा मोठा हौद, त्यात हिरवट पाणी, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तासाचे पैसे भरायचे, छोटीशी काठी घ्यायची आणि बसायचं. आईबाप पोरं घेऊन येतात, जोडपी येतात, कोणी बीअर पीत एकटाच बसतो. पकडलेले झिंगे मीठ लावून तिथंच भाजायचे. लॅबमधल्या मैत्रिणीनं मला ओढत नेलं. मला जायचं नव्हतं, पण दर वेळी नाही तरी किती म्हणायचं?

मला काही जमेना. आमच्याकडं गरीला मासोळी लागली की लगेच झटका मारतात, मीही तेच करत होते आणि दर वेळी रिकामा गळ वर येत होता. मैत्रीण हसून लोटपोट. म्हणाली, झिंगा आधी नांग्यांनी धरतो, बाजूला ओढून नेतो, मग सावकाश तोंडात घालतो. तोवर थांब. मी थांबले आणि एक निघाला, निळ्या लांब नांग्यांचा. गळातून तिनंच काढला. नंतरचेही तिनंच काढले. भाजल्यावर मी पोट बिघडल्याचं सांगून नुसता चहा पीत बसले.

पण तिथं एक गोष्ट पाहिली. शेजारचा हौद त्यांनी धुवायला रिकामा केला होता. तळ कोरा दिसत होता, एक माणूस पाइपनं पाणी मारत होता. मी बघतच राहिले. या पाण्यात कधी कोणी बुडालं नाही, याच्या तळाशी काहीच नाही. असं पाणी असलं तर माय खाईल. एवढं एकच डोक्यात घेऊन मी खोलीवर परतले.

पुढच्या सुट्टीत बॅगेत दोन काठ्या घेऊन गावी पोचले. परसात म्हशींसाठी बाबांनी बांधलेलं टाकं होतं. म्हशी केव्हाच विकल्या होत्या. ते घासून काढलं आणि बोरच्या पाण्यानं भरलं. साकोलीकडं एकजण बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात झिंगे पाळतो, त्याच्याकडून ड्रममध्ये जिवंत झिंगे आणले. बुडबुडे काढायचा पंप लावला. शेजारीण भिंतीवरून पाहून म्हणाली, "पोरगी तैवानले जाऊन येडी होऊन आली वाटते!" मी म्हटलं, "हो काकू, बिनतिकिटाचा तमाशा आहे, पाहून घ्या."

आईला हाताला धरून आणलं. "पाह्य माय, हे बोरचं पाणी होय. तलावाचा एक थेंब नाही. तुह्या डोयासमोर भरलं." ती स्टुलावर बसली. मी गळाला कोंबडीची कलेजी लावून काठी तिच्या हातात दिली. आम्ही दोघी बसलो. दुपारचं ऊन टाक्याच्या कडेवर होतं. टाक्यात बघत आई म्हणाली, "हे खेळ होय काय तिकडचा?"

"हो."

"रिकामटेकडे होत बापा लोक!" आणि ती जराशी हसली. तिचं हसू मी किती दिवसांनी पाहत होते. मला इतका आनंद झाला की रडायलाच आलं.

तेवढ्यात तिच्या गळाचा तरंगता बोंडा बुडाला. ती झटका मारणार तर मी हात धरला. "थांब. तो आता नांगीनं धरून राहिला. मंग ओढते, मंग तोंडात घालते." सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. आईनं माझ्याकडं पाहिलं. मग काठी उचलली. चांगला मोठा झिंगा होता, हवेत पाय झाडत होता.

इथं मैत्रीण नव्हती. गळ मलाच काढायचा होता. मी त्याला धरायला गेले आणि त्यानं लांब नांगी माझ्या बोटावर आवळली. दुखलं म्हणावं असं फारसं दुखलं नाही. पण मी जोरात किंचाळले. हात झटकत राहिले आणि ओरडत राहिले, "सोड! सोड त्याले! सोड त्याले!"

झिंगा कुठंतरी जाऊन पडला. मी खाली बसले होते. आई उठलीही नाही. तिनं काठी टाक्याच्या कडेला टेकवून ठेवली.

"मंजे त्याले खाल्लं होतं," ती म्हणाली.

मी मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, मलाही माहीत नाही.

"मले माहीत होतं. तुये डोये पाहूनच कयलं होतं त्या दिवशी. तुह्या तोंडून कसं वदवावं? आता सांग. हळू सांग, पण काही सोडू नको."

मी सांगितलं. ओठ, कान, एका हाताची बोटं. डोळे शाबूत होते तेही सांगितलं, आणि ते खरंच होते. ती ऐकत गेली. मध्ये एकदा पदर तोंडात धरला, पण मला थांबवलं नाही. माझं सांगून संपलं तेव्हा मी म्हटलं, "माय, मी चुकली काय वो? तुले कसं दाखवलं असतं? मले वाटलं, तू हे पाणी पाहून तरी दोन घास..."

"तू मले खाऊ घालाले पाहून राहिली," आई म्हणाली. "मले खाऊ नाही घालाचं होतं, बाई. मले त्याले धुवाचं होतं. लहानपणी मीनंच धुतलं त्याले, ह्याच टाक्यावर. अर्धा खाल्लेला असता तरी मीनं धुतलं असतं. माह्यं लेकरू होतं. तुमी मले धुऊ देलं नाही."

 

माझ्या बोटातून थोडं रक्त आलं होतं. आईनं ते पाहिलं. ती उठली, मला मनगटाला धरून बोरच्या नळाखाली नेलं, आणि धुवायला लागली. आधी बोट, मग पंजा, मग कोपरापर्यंत सगळा हात. रक्त केव्हाच गेलं होतं. मी हात काढून घेतला नाही. ती धूत राहिली.